तीन वर्षांसाठी कन्नड कशाला?

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, लग्नानंतर पुण्यात होतो. दीड वर्षापूर्वी यजमानांची बदली बंगळूरला झाली. लेक नऊ वर्षांची, चौथीत आहे. इथल्या शाळेत कन्नड सक्तीचं आहे. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, सोसायटीतल्या मुलांशी हिंदी आणि वर ही चौथी भाषा. वहीत ती सगळी मुळाक्षरं वळणदार काढते, पण वॉचमनने कन्नडमध्ये नाव विचारलं तर गप्प उभी राहते. परवा चाचणीत 40 पैकी 13 गुण पडले. रात्री पांघरूण डोक्यावर ओढून रडली.

यजमान म्हणतात, तीन वर्षांनी पुण्याला परतायचंच आहे, शाळेला अर्ज देऊन सूट मागू. भाषा लादता येत नाही असं सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय. मला खटकतं ते वेगळंच. हेच यजमान पुण्याच्या मित्रांच्या ग्रुपवर ‘महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे’ असं हिरिरीने लिहितात. मी ते बोलून दाखवलं तर घरात दोन दिवस अबोला. सासूबाई फोनवर म्हणतात, नातीचं मराठीच मोडकं झालंय, आधी ते बघा.

ताई, दुसरी भाषा शिकण्याची सगळ्यांना खरंच सक्ती असावी का? आणि माझ्या लेकीचं मी काय करू?

— एक आई, बंगळूर

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

शाळेला अर्ज देऊ नका. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. आणि त्या 13 गुणांवरून लेकीला एक शब्दही बोलू नका. ते गुण तिचे नाहीत, तिला शिकवायच्या पद्धतीचे आहेत.

तुम्हीच लिहिलंय बघा: मुळाक्षरं वळणदार येतात आणि ‘निन्न हेसरेनु?’, तुझं नाव काय, म्हटलं की तोंड उघडत नाही. म्हणजे दीड वर्षात तिला लिपी शिकवली, भाषा शिकवायची राहून गेली. आपली मुलं पहिलीत मराठी लिहायला लागतात, पण त्याआधी सहा वर्षं त्यांनी ती ऐकलेली असते. मराठीत हट्ट केलेला असतो, भांडण केलेलं असतं, मराठीत गोष्ट ऐकत झोपलेली असतात. मग ‘क’ समोर आला की तो कावळ्याचा असतो आणि कावळा ओळखीचा असतो. तुमच्या लेकीच्या वाट्याला ती सहा वर्षं आलीच नाहीत. वर्गातल्या कन्नड घरांतल्या मुलींकडे ती आहेत. दोघींना एकच पुस्तक, एकच चाचणी, एकच 40 गुण.

मी हे एवढं ठासून लिहिते, कारण हीच चूक मी स्वतः कित्येक वर्षं केली आहे.

मी सोलापूरची. लहानपण पूर्व भागात गेलं, यंत्रमागाच्या खटखटीत. शेजारी सगळी तेलुगू बोलणारी पद्मशाली घरं. मला तेलुगू कुणी शिकवली नाही. लपाछपी खेळताना ती आली, शेजारच्या अक्कांनी हातावर ठेवलेल्या खाऊबरोबर आली. पुढे मी मराठीची शिक्षिका झाले आणि माझ्या वर्गात निम्मी मुलं तेलुगू नाहीतर कन्नड बोलणाऱ्या घरांतली. त्यांना मराठी शिकणं भागच होतं. अक्कलकोटकडचा एक मुलगा होता, कन्नड घरातला. तो म्हणायचा ‘माझा वही हरवला’, ‘ते खुर्ची मोडलं’. मी प्रत्येक वेळी तिथल्या तिथे दुरुस्त करायची आणि वहीत लाल शाईने गोल काढायची. त्याच्या भाषेत वही, खुर्ची, दगड, झाड सगळं एकाच लिंगात बसतं, सगळं ‘अदु’, म्हणजे ‘ते’. आपल्याकडे मात्र दगड तो, खुर्ची ती, झाड ते, आणि का ते मलाही सांगता येणार नाही. दिवाळीपर्यंत त्या पोराने हात वर करायचं सोडून दिलं. मी प्रगतिपुस्तकात लिहिलं, ‘वर्गात बोलत नाही’.

मग एकदा मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात पाहिलं, तर तो चार-पाच मुलांना म्हशीच्या शर्यतीची हकिकत सांगत होता. मराठीत. लिंगं सगळी चुकीची आणि मुलं तोंडाचा आ वासून ऐकत होती. त्याला मराठी येत होती, माझ्यासमोर तेवढी येत नव्हती. त्यानंतर मी लाल शाई बाजूला ठेवली. ‘माझा वही हरवला’ म्हटलं की मी एवढंच विचारायची, ‘अरेरे, कुठे हरवली तुझी वही?’ बरोबर रूप त्याच्या कानावर पडायचं, अपमान पडायचा नाही. दोन वर्षांत तो ‘माझी वही’ म्हणायला लागला. नेमकं कधी सुरू झालं ते मला कळलंही नाही.

आता तुमचा मोठा प्रश्न. सक्ती असावी का? माझं मत: ज्या मातीत मूल राहतं तिथली भाषा शाळेत सक्तीची असावी. मराठी घरातल्या मुलीला कर्नाटकात कन्नड आणि कन्नड, गुजराती, हिंदी घरातल्या मुलाला महाराष्ट्रात मराठी. मापटं एकच हवं. आपल्या राज्याने 2020 साली कायदा करून सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. तेव्हा आपल्याला बरं वाटलं, मलाही वाटलं. कर्नाटकाने असा कायदा त्याआधी पाच वर्षं, 2015 मध्येच केला होता. त्यांचा तो लादणं आणि आपला तो अभिमान, असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

त्यांना तो का करावासा वाटला तेही पाहा. 2011 च्या जनगणनेत बंगळूर शहर जिल्ह्यात ज्यांची मातृभाषा कन्नड आहे असे लोक निम्म्याहून कमी भरले. स्वतःच्या राजधानीत आपली भाषा अल्पमतात जाते म्हणजे काय, हे मुंबईकर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 1980 च्या सुमारास कन्नड साहित्यिक विनायक कृष्ण गोकाक यांच्या समितीने शाळेत कन्नडला पहिलं स्थान द्यावं अशी शिफारस केली. ती अमलात यावी म्हणून आंदोलन उभं राहिलं आणि त्यात डॉ. राजकुमारांसारखा कन्नड सिनेमातला नट रस्त्यावर उतरला. ती माणसं कुणाच्या द्वेषापोटी उतरली नव्हती. आपल्या नातवंडांना आपल्याच गावात दुकानदाराशी आपल्या भाषेत बोलता यावं, एवढीच काळजी त्यामागे होती. ती काळजी आपल्या ओळखीची आहे.

पण सक्ती दोन्ही बाजूंना बांधते, आणि आपल्याकडे ही दुसरी बाजू कायम सुटते. मुलीने शिकलंच पाहिजे असं सरकारला म्हणायचं असेल, तर नवख्या मुलांसाठी वेगळं पुस्तक, वेगळा तास, ऐकण्या-बोलण्यापासून सुरुवात करणारा शिक्षक आणि पहिली दोन-तीन वर्षं गुणांवाचून शिकायची मुभा हे सगळं सरकारने आणि शाळेने दिलंच पाहिजे. त्यातलं काहीही न देता नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात 40 गुणांचा पेपर ठेवला, तर सक्ती फक्त तिच्या एकटीवर झाली.

नुसत्या सक्तीने भाषा जगत नाही याचा मोठा दाखला आयर्लंडचा आहे. 1922 साली देश स्वतंत्र झाल्यापासून तिथल्या शाळांत आयरिश भाषा सक्तीची आहे. मुलं तेरा-चौदा वर्षं ती शिकतात. 2022 च्या तिथल्या जनगणनेत 18 लाखांहून जास्त लोकांनी सांगितलं की आम्हाला आयरिश येते. शाळा-कॉलेजाबाहेर रोज ती बोलणारे मात्र साधारण 72 हजार निघाले. शंभर वर्षांची सक्ती आणि रोजच्या बोलण्यात एवढीच माणसं. शाळेने आपलं काम केलं नाही असं मी म्हणणार नाही, लाखो लोकांना भाषा कळते ती शाळेमुळेच. पण घंटा झाल्यावर ती बोलायला समोर कुणी नसेल, तर वर्गातली भाषा वर्गातच राहते.

तुमच्या लेकीच्या बाबतीत समोर माणसं आहेत. वॉचमन आहे, भाजीवाली आहे, शाळेच्या बसचे काका आहेत, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का असतील. आयर्लंडमधल्या मुलांना जे मिळत नाही ते तुमच्या लिफ्टच्या दाराशी उभं आहे. म्हणून तर मला ही सक्ती पटते. माझी कसोटी साधी आहे: भाषा मुलाच्या रोजच्या रस्त्यावर भेटते का? भेटत असेल तर शाळेने ती आग्रहाने शिकवावी.

याच कसोटीवर 2025 चा आपल्याकडचा वादही मी तपासला होता. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. मग 17 जूनला शब्द थोडे बदलले, आणि एवढा गदारोळ झाला की 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. माझा विरोध होता आणि आजही आहे. हिंदीशी माझं काही वाकडं नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला स्वतःची लिपी धड बसलेली नसताना तिसऱ्या भाषेचं पुस्तक हातात देणं मला चूक वाटतं. बंगळूरच्या शाळेने उद्या पहिलीतल्या नवख्या पोरांना पाटीवर कन्नड गिरवायला लावलं, तर त्यालाही माझा विरोधच असेल. पहिलीत गाणी म्हणा, गोष्टी सांगा, खेळ खेळा. पाटी नंतर.

आता यजमानांचे मुद्दे. ते बिनबुडाचे नाहीत, तेव्हा झटकून टाकू नका.

कोर्टाबद्दल: मे 2014 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल कर्नाटकातल्याच प्रकरणातला होता, हे खरं. पण तो शिक्षणाच्या माध्यमाबद्दलचा होता. प्राथमिक शाळेत गणित, विज्ञान अमुकच भाषेतून शिकवा असं सरकार लादू शकत नाही, माध्यम पालकांनी निवडायचं, असं कोर्टाने म्हटलं. एक विषय म्हणून एखादी भाषा शिकणं ही निराळी गोष्ट आहे. या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते, चांगली शिकलेली माणसंही करतात. यजमानांना एवढा फरक सांगितलात तरी पुरे.

ओझ्याबद्दल: चार भाषांचं ओझं होतं ही भीती मी खूप आयांकडून ऐकली आहे. सोलापुरातली माझ्या वर्गातली मुलं घरी तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशी वाढली. काही डॉक्टर झाली, काहींनी वडिलांचे माग सांभाळले. भाषेखाली दबलेलं मूल मला आठवत नाही. परीक्षेखाली दबलेली पुष्कळ आठवतात.

इथे एक सावधगिरी. दुसरी भाषा शिकली की मूल हुशार होतं, मेंदू तल्लख होतो, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यावर विसंबू नका, अभ्यासकांचंच त्यावर एकमत नाही. एक अभ्यास मात्र मला महत्त्वाचा वाटतो, तो हैदराबादचा. निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले, 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला आढळला, आणि कधी शाळेत न गेलेल्या माणसांतही हा फरक दिसला. यावरूनही एकदम उडी मारू नये. पण ती माणसं भाषा गुणांसाठी शिकली नव्हती, रोज दोन्ही वापरत होती, हे मला लक्षात ठेवण्याजोगं वाटतं.

आणि तो तीन वर्षांचा मुद्दा. चाळिशीतल्या माणसाला तीन वर्षं म्हणजे एक बदली. नऊ वर्षांच्या मुलीला तीन वर्षं म्हणजे आजवरच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा. तिच्या पहिल्या मैत्रिणी, पहिलं गॅदरिंग, सायकलवरून पडून फुटलेला गुडघा हे सगळं याच गावात होणार आहे. तेवढा काळ तिने सोसायटीच्या कुंपणाआड हिंदी-इंग्रजीत काढला, तर ती बंगळूरला राहिली असं म्हणायचं तरी कसं? घराबाहेरच्या निम्म्या गोष्टी तिला समोर घडूनही कळणार नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीला ते एकटेपण असतं, तिला ते शब्दांत सांगता येत नाही एवढंच. पांघरुणाखालचं रडणं केवळ गुणांसाठी असेल असं मला वाटत नाही.

सातारकर माणसाला कन्नड परकी वाटावी याचं मला राहून राहून नवल वाटतं. तुमच्या स्वयंपाकघरातलं तूप हे कानडी ‘तुप्प’. अण्णा, अक्का तिकडचे. आजोबांचा सुपारीचा अडकित्ता तिकडचा. कोथिंबीर तिथे ‘कोत्तंबरी’ होते, मेथी ‘मेंत्य’ होते. आपला ‘ळ’ हिंदीवाल्यांना जमत नाही, कन्नडमध्ये मात्र तो जागोजाग भेटतो. वाक्यही आपल्यासारखंच चालतं, क्रियापद शेवटी. पंढरीच्या विठोबाला तर ज्ञानेश्वर माउलींनीच कानडा म्हटलं. शहाजीराजांना 1638 नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, म्हणजे मराठी कानांना त्या गावात कन्नड ऐकू येतेय त्याला पावणेचारशे वर्षं झाली. 2011 च्या जनगणनेत कर्नाटकात मराठी मातृभाषा असलेले सुमारे 20 लाख लोक भरले. आणि भीमसेनजी? गदगकडचा कन्नड घरातला मुलगा पुण्यात राहिला आणि त्याच्या तोंडून अभंग ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा कुणी त्यांची मातृभाषा विचारली नाही.

पण मला सगळ्यांत जवळचे द. रा. बेंद्रे. धारवाडचे, घरची भाषा मराठी आणि कवी झाले ते कन्नडचे. असे झाले की कन्नडिग माणूस त्यांना ‘वरकवी’ म्हणतो आणि 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. 1944 पासून दहा-बारा वर्षं ते आमच्या सोलापुरात कॉलेजात कन्नड शिकवत होते. मराठी घरातला माणूस महाराष्ट्रातल्या मुलांना कन्नड शिकवतो, यात आमच्या गावात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्यांनी मराठीतही लिहिलं. मराठी घरात जन्मून कन्नडला आपलंसं केलं म्हणून त्यांची मराठी गेली नाही, हे सासूबाईंना सांगण्यासारखं आहे.

सासूबाईंची काळजी मात्र खरी आहे आणि तिचं उत्तर तुमच्या घरात आहे. मराठी मोडकं होतंय ते कन्नडमुळे नाही. कन्नड तर अजून तिच्या तोंडात बसलेलीही नाही, ती मराठीला काय ढकलणार? मराठीची जागा इंग्रजी आणि हिंदी घेतायत, आणि ती जागा आपणच सोडलेली असते. ‘बेटा, शूज काढ आणि हँड वॉश कर’ हे वाक्य किती मराठी घरांत रोज बोललं जातं ते मी ऐकते. रात्री झोपताना पंधरा मिनिटं मराठी पुस्तक मोठ्याने वाचा. तिला वाचायला लावू नका, तुम्ही वाचा, ती ऐकू दे. आजीचा फोन आला की ‘आजीशी बोल’ म्हणून फोन हातात कोंबू नका, मुलं अवघडतात. त्याऐवजी आजींनाच सांगा, रोज एक गोष्ट अर्धवट ठेवायची आणि उरलेली दुसऱ्या दिवशी. नात आपणहून फोन लावील. आणि ती ‘मी गेली होती’ म्हणाली तर सासूबाईंनी हसू नये. ‘हो का, मीही काल देवळात गेले होते’ एवढंच म्हणावं. माझ्या अक्कलकोटच्या विद्यार्थ्याचं औषध इथेही लागू पडतं.

कन्नडसाठी शिकवणी लावायची घाई करू नका. शिकवणीत पुन्हा वही आणि पुन्हा पेपर. आधी वर्गशिक्षिकेला भेटा, दोघं मिळून भेटा, आणि तक्रारीच्या सुरात बोलू नका. त्यांना मोकळेपणी सांगा, आम्हाला सूट नको, आमच्या मुलीला बोलायला शिकायचंय. तिला कन्नड बोलणाऱ्या मुलीशेजारी बसवाल का? दोन ओळी पाठ करून गॅदरिंगमध्ये बोलायला द्याल का? परक्या मुलखातून आलेले पालक ‘आम्हाला तुमची भाषा हवी आहे’ म्हणाले की भाषा शिकवणारं माणूस विरघळतं. मी तीस वर्षं त्या खुर्चीत बसलेय, खात्रीने सांगते. शाळेने ऐकलं नाही तरी तुमचं काही अडत नाही, फक्त या वर्षाचे गुण तेवढे मनाला लावून घेऊ नका.

घरी कामाला येणाऱ्या अक्का कन्नड बोलत असतील तर त्यांच्याइतकी चांगली शिक्षिका तुम्हाला मिळणार नाही. त्यांना सांगा, लेकीशी फक्त कन्नडमध्येच बोला. रोजची तीन वाक्यं पुरेत: ‘ऊट आय्ता?’, ‘नीर बेका?’, ‘बा इल्ली’. जेवण झालं का, पाणी हवं का, इकडे ये. ‘बेकु’ म्हणजे पाहिजे आणि ‘बेडा’ म्हणजे नको, एवढ्या दोन शब्दांवर पोरं पहिला महिना सहज काढतात. अक्कांना त्यासाठी महिन्याला थोडे पैसे जरूर द्या, शिकवणीला दिलेच असते ना. लिपीसाठी वही नको, रस्ता घ्या. बसच्या पाट्या, दुकानांची नावं. एक अक्षर ठरवायचं आणि शाळेपासून घरापर्यंत ते किती पाट्यांवर दिसतं ते मोजायचं. मोजणीही कन्नडमध्ये: ओंदु, एरडु, मूरु. दोन महिन्यांत ती तुम्हाला पाट्या वाचून दाखवील आणि तुम्हाला वाचता येत नाहीत याचा तिला विलक्षण आनंद होईल. तो आनंद तिला होऊ द्या.

आणि आता यजमान. मैत्रिणी, ग्रुपवरचा मेसेज आणि घरातलं बोलणं यांतला फरक तुम्हाला दिसला, तो बरोबरच दिसला. पण तो त्यांच्या तोंडावर मारलात तर ते हट्टाला पेटतील आणि अर्ज उद्याच जाईल. त्यांच्या ग्रुपवरच्या वाक्याला हरकत घेऊ नका. ते वाक्य खरं आहे असंच म्हणा. मग म्हणा, बंगळूरच्या माणसालाही नेमकं हेच वाटतं, आपण त्याला दाखवू या की मराठी माणूस दुसऱ्याच्या गावात कसा राहतो. सातारच्या माणसाचा अभिमान ओळखून बोललात तर ते ऐकतील असं मला वाटतं.

त्यांच्या मनात आणखी एक गोष्ट असू शकते आणि ती ते बोलणार नाहीत. नव्या गावात, नव्या ऑफिसात, चाळिशीत, दुकानात उभं राहून ‘कन्नड गोत्तिल्ला’, कन्नड येत नाही, म्हणताना कर्तबगार माणसालाही लहान झाल्यासारखं वाटतं. चुकीचं बोलून हसं होण्यापेक्षा ही भाषा आपल्याला नकोच, असं मन ठरवून टाकतं. तुमच्या लेकीचं वॉचमनसमोर जे होतं तेच त्यांचं होत असेल. म्हणून मुलीवरची सक्ती काढायची नाही, ती तिघांवर वाटून घ्यायची. रोज रात्री जेवताना प्रत्येकाने त्या दिवशी ऐकलेला एक कन्नड शब्द सांगायचा. बाबांना आठवला नाही तर लेकीने सांगायचा.

येत्या रविवारी भाजीला तिघंही जा. पिशवी यजमानांच्या हातात द्या, तुम्ही दोन पावलं मागे राहा आणि कोत्तंबरीची जुडी केवढ्याला ते लेकीलाच विचारू दे: ‘एष्टु?’ भाजीवाली बाई जे उत्तर देईल ते तिला पहिल्या झटक्यात कळणार नाही. मध्ये पडू नका. तिला पुन्हा विचारू द्या.

तुमची,
ताई